सुका कचरा दिल्यावर पुढे त्याचं काय होतं? बाटलीपासून बॅटरीपर्यंतचा प्रवास

कचऱ्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "वेगळा करून काय उपयोग? पुढे सगळं एकत्रच करतात!" आमच्या ग्रुपवरही हा वाद अधूनमधून पेटतोच. म्हणून आज सुक्या कचऱ्याचा प्रवास टप्प्याटप्प्याने बघूया. उदाहरण पुण्याचं घेतोय, कारण मी इथे राहतो आणि इथली पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

1. कचरा कोण नेतं?

पुण्यात बऱ्याच भागांत घरोघरचा कचरा 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचे सदस्य गोळा करतात. ही कचरावेचकांची स्वतःची संस्था आहे. 1993 साली सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती उभी राहिली. सदस्यांची कमाई दोन ठिकाणांहून होते: घरटी मिळणारं मासिक शुल्क आणि सुका माल विकून येणारे पैसे.

वरच्या वादाचं उत्तर इथेच आहे. ज्या मालाला भाव मिळतो, तो वेचणारी व्यक्ती गाडीत कशाला फेकेल? तुमची रिकामी बाटली म्हणजे तिच्या कमाईचा भाग आहे.

2. पहिली छाननी हातानेच

पुठ्ठा, रद्दी, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पत्रा, काच असे वेगवेगळे ढीग लागतात. आमच्या सोसायटीत येणाऱ्या ताईंना मी विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" त्या म्हणाल्या, "आमटी लागलेल्या कागदाचा. आणि फुटलेली काच तशीच टाकतात ना, तिचा." खरकटं लागलेल्या कागदाला भाव येत नाही. आणि उघडी काच थेट बोटात घुसते.

3. भंगारच्या दुकानातून कारखान्याकडे

- कागद-पुठ्ठा: पाण्यात भिजवून लगदा करतात आणि नवा कागद बनवतात. प्रत्येक वेळी तंतू आखूड होतात, त्यामुळे साधारण 5 ते 7 वेळाच हे जमतं.
- ॲल्युमिनियमचे कॅन: वितळवून पुन्हा धातू. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम काढण्यापेक्षा सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते.
- पाण्याची बाटली: तुकडे करून, धुऊन, वितळवून तिचा धागा काढतात. तुमच्या टी-शर्टमधलं पॉलिस्टर कदाचित कधीकाळी बाटली होतं!
- चिप्सचं पाकीट: हा त्रासदायक पाहुणा. प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले, ते सुटे करणं परवडत नाही. त्यामुळे अशी पाकिटं बहुतेक वेळा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात, नाहीतर कचरा डेपोत.

4. प्लॅस्टिकचा प्रकार कळतो कसा?

बाटलीच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. 1 म्हणजे पीईटी, 2 म्हणजे एचडीपीई, 5 म्हणजे पीपी. पण तुकडे झाल्यावर आकडा कुठे शोधणार? मग साधं पाणी कामाला येतं. पीईटी पाण्यापेक्षा जड, ते बुडतं. झाकणाचं प्लॅस्टिक हलकं, ते तरंगतं. झालं वेगळं!

मोठ्या प्रकल्पांत इन्फ्रारेड सेन्सर असतात. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून तो फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरा, बऱ्याच फोनवर दिवा चमकताना दिसेल. साधारण त्याच जातीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश प्लॅस्टिकवर टाकतात. प्रत्येक प्रकार तो वेगळ्या पद्धतीने परत पाठवतो. सेन्सरने ओळखलं की हवेचा झोत तो तुकडा बाजूला उडवतो. काळं प्लॅस्टिक मात्र हा प्रकाश शोषून घेतं, म्हणून ते अनेकदा ओळखूच येत नाही.

5. जुना फोन या डब्यात नकोच

आता आपल्या कामाची गोष्ट. जुना फोन, इअरबड्स, पॉवर बँक यांत लिथियम बॅटरी असते. गाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी चेपते, आत शॉर्ट सर्किट होतं आणि आग लागते. आजूबाजूला कोरडा कागद आणि प्लॅस्टिक, आणि शेजारी हाताने छाननी करणारी माणसं. विचार करा.

1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. तुमच्या फोन कंपनीच्या वेबसाईटवर संकलन केंद्र शोधा. फोन देण्याआधी बॅकअप घ्या, अकाउंटमधून साइन आउट करा, फॅक्टरी रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग लगेच बंद. तिला टोचू नका, दाबू नका.

आजपासून एवढंच करा

- डबे, पिशव्या थोड्या पाण्याने विसळून द्या.
- दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडू नका. तो बारीक तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही.
- काच जाड कागदात गुंडाळा, वर 'काच' असं लिहा.
- सॅनिटरी पॅड, डायपर वेगळे गुंडाळून त्यावर खूण करा.

या सगळ्याला मिळून दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पण पुढे कुणाच्या तरी पिशवीत चार पैसे जास्त पडतात आणि बोटं शाबूत राहतात.