मापानुसार बनवलेला ड्राइव्हशाफ्ट

ड्राइव्हशाफ्ट म्हणजे मोटारीच्या गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत फिरती शक्ती वाहून नेणारा दंड होय. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीत तो त्या मोटारीच्या मापाचाच असतो. परंतु पुढे इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल किंवा सस्पेन्शन बदलले, की मूळ दंड लांब किंवा आखूड पडतो, त्याच्या टोकांचे दाते जुळत नाहीत किंवा वाढलेल्या जोरापुढे तो अपुरा ठरतो. अशा एखाद्या मोटारीसाठी स्वतंत्रपणे तयार करून घेतलेल्या दंडास मापानुसार बनवलेला ड्राइव्हशाफ्ट म्हणतात. हे काम वरकरणी कापण्याचे आणि जोडण्याचे वाटते. प्रत्यक्षात दंडाची लांबी बदलली, की तो किती वेगापर्यंत सुरक्षितपणे फिरू शकेल ही मर्यादाही बदलते. त्यामुळे नवा दंड केवळ जागेवर बसला म्हणजे तो योग्य झाला, असे म्हणता येत नाही.

पार्श्वभूमी

आरंभीच्या अनेक मोटारींत चाके साखळीने फिरवली जात. लुई रेनो यांनी १८९८ साली बनवलेल्या छोट्या मोटारीत साखळीऐवजी दंड वापरला आणि पुढे ही पद्धत रूढ झाली. मात्र चाके खड्ड्यांतून वर-खाली होत असल्याने दंडाला वळणारा सांधा आवश्यक असतो. असा सांधा रॉबर्ट हुक यांनी सतराव्या शतकातच वर्णिला होता. मोटारींसाठी त्याचे टिकाऊ रूप अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर यांनी १९०३ च्या पेटंटाद्वारे आणले. यास युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. त्यातील अधिकच्या चिन्हासारख्या भागामुळे भारतातील गॅरेजांत त्याला ‘क्रॉस’ असेही म्हटले जाते. आल्फ्रेड झेपा यांनी १९२६ साली पोलादी गोळ्यांचा समवेगी सांधा, म्हणजेच सीव्ही जॉइंट, शोधला. १९५९ मध्ये आलेल्या मिनी मोटारीत या जातीचा सांधा वापरला गेला आणि पुढची चाके फिरवणाऱ्या छोट्या मोटारींचा मार्ग सुकर झाला.

प्रकार

मोटारींत प्रामुख्याने दोन प्रकारचे दंड आढळतात.

प्रोपेलर शाफ्ट हा गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत जाणारा लांब दंड असतो. तो पोकळ नळीचा असून गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या वेगानेच फिरतो. हाफ शाफ्ट हे डिफरन्शिअलपासून डाव्या व उजव्या चाकापर्यंत जाणारे आखूड, बहुधा भरीव दंड असतात. ते चाकाच्या संथ वेगाने फिरतात. परंतु त्यांच्यावरील पिळाचा जोर अधिक असतो.

हा फरक एका उदाहरणाने स्पष्ट होतो. इंजिनाचा टॉर्क १५० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि डिफरन्शिअलचे ४ मानल्यास, घर्षणातील घट सोडून, प्रोपेलर शाफ्टवर ५२५ न्यूटन-मीटर इतका जोर येतो. डिफरन्शिअलनंतर तो चौपट होऊन दोन चाकांत विभागला जातो. म्हणजे प्रत्येक हाफ शाफ्टवर १,०५० न्यूटन-मीटर येतो. म्हणून प्रोपेलर शाफ्ट बनवताना मुख्य चिंता वेगाची असते, तर हाफ शाफ्ट बनवताना ताकदीची.

मापे घेणे

मापे नेहमी मोटार चाकांवर उभी असताना, सस्पेन्शनवर तिचा नेहमीचा भार असताना घेतात. मोटार जॅकवर उचलून चाके लोंबकळत ठेवली, तर अंतर व कोन दोन्ही चुकतात. त्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्स त्यांच्या अंतिम जागी कायमचे बसवलेले असावे लागतात.

प्रोपेलर शाफ्टच्या एका टोकाशी बहुधा सरकता जोड असतो. मागचा ॲक्सल वर-खाली झाला, की गिअरबॉक्सपासूनचे त्याचे अंतर किंचित बदलते. तो फरक हा जोड सामावून घेतो. त्यामुळे मोटार नेहमीच्या उंचीवर असताना जोड पूर्ण आत न जाता साधारण २० ते २५ मिलिमीटर बाहेर राहील, अशी लांबी ठरवण्याची प्रथा आहे.

हाफ शाफ्टसाठी स्प्रिंग काढून चाक खालपासून वरपर्यंत हलवतात, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवतात आणि अंतर सर्वांत कमी व सर्वांत जास्त कोठे होते ते पाहतात. आतील सांध्याला सरकण्यास मर्यादित वाव असतो. दंड लांब झाला, तर त्याचे टोक सांध्याच्या तळाशी आदळून गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर दाब येतो. आखूड झाला, तर खड्ड्यात चाक खाली जाताच सांधा सुटू शकतो. डाव्या व उजव्या बाजूंची लांबी अनेकदा वेगळी असल्याने दोन्हीकडे स्वतंत्र माप घ्यावे लागते.

लांबीसोबत स्प्लाइनची, म्हणजे दंडाच्या टोकावर लांबीच्या दिशेने असलेल्या दात्यांची, संख्या, व्यास व लांबी नोंदवतात. इंजिन एका मोटारीचे आणि चाकाचे हब दुसरीचे असल्यास गिअरबॉक्सकडील सांधा पहिल्या मोटारीचा व चाकाकडील सांधा दुसरीचा घेतात आणि दोहोंना जुळणारी मधली दांडी नवी बनवतात.

सांध्यांचे कोन

साधा युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरू लागला, की त्यातून बाहेर पडणारा वेग एकसारखा राहत नाही. १० अंशांच्या कोनात तो प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे दीड टक्क्याने वाढतो आणि तेवढाच घटतो. ३० अंशांच्या कोनात हा चढउतार सुमारे १५ टक्क्यांपर्यंत जातो. दंडाच्या दोन्ही टोकांचे सांधे एकाच रेषेत बसवले आणि त्यांचे कोन समान ठेवले, तर एका सांध्याचा चढउतार दुसरा भरून काढतो. जीपसारख्या वाहनाची उंची वाढवल्यावर हे कोन वाढतात आणि बिघडतात. तेथे केवळ दंडाची लांबी वाढवून थरथर थांबत नाही. ॲक्सलचा कल बदलावा लागतो किंवा गिअरबॉक्सकडील टोकास दुहेरी सांधा लावावा लागतो.

लांबी आणि क्रांतिक वेग

कोणताही लांब दंड एका ठरावीक वेगाला पोहोचला, की मध्यभागी धनुष्यासारखा वाकून दोरीउडीच्या दोरीप्रमाणे घुमू लागतो. या वेगास क्रांतिक वेग म्हणतात. तो लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे लांबी दुप्पट झाली, तर क्रांतिक वेग एक चतुर्थांश होतो.

७५ मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी घेतल्यास, १.५ मीटर लांबीला तिचा क्रांतिक वेग गणिताने मिनिटाला सुमारे ५,५०० फेरे येतो. तीच नळी १.८ मीटर केली, तर तो सुमारे ३,८०० फेऱ्यांवर उतरतो. डिफरन्शिअलचे गुणोत्तर ४.१ आणि टायरचा परीघ २ मीटर असलेल्या मोटारीत पहिला आकडा ताशी सुमारे १६० किलोमीटरला गाठला जातो, तर दुसरा ताशी सुमारे ११० किलोमीटरलाच. केवळ ३० सेंटिमीटरच्या वाढीने महामार्गावरील नेहमीचा वेग धोक्याच्या सीमेवर येतो. शिवाय दंड या वेगाच्या जवळ जाऊ लागताच कंप वाढत असल्याने प्रत्यक्ष वापर त्याच्या बराच खाली ठेवावा लागतो.

यावर तीन उपाय आहेत: नळीचा व्यास वाढवणे, दंडाचे दोन भाग करून मध्ये बेअरिंगचा आधार देणे, किंवा वजनाच्या मानाने अधिक ताठ असलेले कार्बन तंतूंचे साहित्य वापरणे. भिंतीची जाडी वाढवल्याने मात्र फारसा लाभ होत नाही, कारण ताठपणाबरोबर वजनही वाढते.

साहित्य आणि ताकद

भरीव दंडाची पीळ सहन करण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २५ ऐवजी २८ मिलिमीटर व्यास घेतल्यास ती सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. जास्त जोराच्या दंडांसाठी निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम असलेले मिश्र पोलाद वापरतात. भारतातील लेथ कारखान्यांत ते ‘ईएन २४’ या नावाने परिचित आहे. पोलादाच्या जातीइतकीच उष्णतोपचाराची गुणवत्ता महत्त्वाची असते. स्प्लाइन कापून काढण्याऐवजी दाबाने वळवून उमटवल्या, तर त्या वारंवारच्या ताणाला अधिक टिकतात. स्प्लाइन जेथे संपते तेथे तीक्ष्ण कोपरा राहिल्यास बहुधा तेथूनच तडा सुरू होतो.

भरीव हाफ शाफ्ट मधोमध कापून पुन्हा वेल्ड करणे धोक्याचे मानले जाते. वेल्डिंगच्या उष्णतेने उष्णतोपचाराचा परिणाम नष्ट होतो आणि जोडाशेजारचा भाग कमजोर होतो. पोकळ प्रोपेलर शाफ्टची नळी मात्र योग्य साधनांनी कापून वेल्ड करता येते. ती कारखान्यातही वेल्ड करूनच बनवलेली असते.

दंड फार मजबूत केल्यास मोडण्याची जागा बदलते, हेही विचारात घेतात. अतिरिक्त जोर मग गिअरबॉक्स किंवा डिफरन्शिअलवर येतो, आणि त्यांची दुरुस्ती दंडापेक्षा बरीच महाग असते.

समतोल आणि तपासणी

वेल्डिंगपूर्वी व नंतर दंड फिरवून डायल गेजने त्याची सरळता पाहतात. नंतर यंत्रावर प्रत्यक्ष फिरवून असमतोल मोजतात व छोटी वजने लावून तो दूर करतात. आंतरराष्ट्रीय मानकातील ‘जी १६’ श्रेणीनुसार, मिनिटाला ४,००० फेरे घेणाऱ्या दंडाचा गुरुत्वमध्य अक्षापासून सुमारे ०.०४ मिलिमीटरपेक्षा दूर नसावा. इतका सूक्ष्म फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून समतोलाच्या यंत्राविना हे काम पूर्ण होत नाही.

सुरक्षितता

प्रोपेलर शाफ्टचा पुढचा सांधा तुटला, तर मोकळे टोक रस्त्यावर पडून रुतू शकते आणि धावती मोटार उचलली किंवा उलटली जाऊ शकते. यासाठी पुढच्या सांध्यामागे दंडाभोवती पोलादी कडे बसवतात. ड्रॅग शर्यतींच्या नियमांत अनेक मोटारींना ते सक्तीचे असते. नवा दंड बसवल्यावर प्रथम कमी वेगात चाचणी घेतात व काही अंतरानंतर बोल्ट, रबरी बूट आणि ग्रीस पुन्हा तपासतात. अशा दंडाचा सुटा भाग दुकानात तयार मिळत नसल्याने लांबी, स्प्लाइनची संख्या आणि सांध्यांचे क्रमांक मालकाने लिहून ठेवणे उपयुक्त ठरते.

भारतातील कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा फेरफार वाहनमालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली या तरतुदीचा असाच अर्थ स्पष्ट केला. ड्राइव्हशाफ्टचा उल्लेख नोंदणी प्रमाणपत्रात नसतो. परंतु ज्या इंजिनबदलामुळे नव्या दंडाची गरज निर्माण होते, त्या इंजिनाचा क्रमांक मात्र त्यात असतो. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर वापरायच्या मोटारीबाबत दंड बनवण्यास देण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयात मूळ बदलाची ग्राह्यता तपासून घ्यावी लागते.