मुजावर म्हणजे शेजारी

कोल्हापूर, सांगली किंवा बेळगाव भागातल्या एखाद्या शाळेचे हजेरीपत्रक उघडा. पाटील, चौगुले, कांबळे यांच्या ओळीत एखादा मुजावर हटकून सापडतो. मराठी चित्रपटांवर भरभरून लिहिणाऱ्या इसाक मुजावर यांच्यामुळे तर हे आडनाव महाराष्ट्रभर पोचले. पण त्याचा अर्थ विचारला, की बहुतेक जण ‘दर्ग्याचा पुजारी’ एवढ्यावर थांबतात. तो अर्थ खोटा नाही. मात्र तो मागाहून आलेला आहे.

हा मूळ अरबी शब्द. अरबीत त्याचा उच्चार ‘मुजाविर’ असा होतो. ‘जार’ म्हणजे शेजारी, ‘जिवार’ म्हणजे शेजार; तेव्हा मुजाविर म्हणजे शेजारी राहणारा. पुढे पवित्र स्थानाजवळ मुक्काम करून राहणाऱ्याला हे नाव मिळाले. मक्केत काबागृहाजवळ राहणारे ते मुजाविर. बाराव्या शतकात निधन पावलेले विद्वान जमख्शरी मक्केत बराच काळ राहिले, म्हणून त्यांना ‘जारुल्लाह’, म्हणजे अल्लाचा शेजारी, असे म्हणू लागले. कैरोच्या अल्-अझहरमध्ये राहून शिकणारे विद्यार्थीही मुजाविरच.

फारसीच्या वाटेने हा शब्द दख्खनेत आला आणि इथल्या सूफी संतांच्या दर्ग्यांपाशी स्थिरावला. झाडलोट, दिवाबत्ती, फातेहा, उरसाची व्यवस्था ही मुजावराची कामे. देवळात जसा गुरव, तसा दर्ग्यात मुजावर. या सेवेपोटी दर्ग्याला जमिनी इनाम मिळत. सेवा वंशपरंपरेने चाले; भावकी वाढली, की पाळ्या लागत. कुलकर्णी, देशपांडे ही जशी कामावरून आडनावे झाली, तसेच मुजावर हेही झाले. दर्गे गावोगावी, म्हणून मुजावरही गावोगावी. त्यामुळे सगळे मुजावर एका मूळपुरुषाचे वंशज नव्हेत.

आडनाव अरबी, म्हणून घराणे अरबस्तानातून आले, असा समज मात्र करून घेऊ नये. शब्दाचा प्रवास वेगळा आणि माणसांचा वेगळा. ‘इनाम’ आणि ‘मिरास’ हे शब्दही अरबीच, त्यांना जोडलेला ‘दार’ फारसी. म्हणून कादंबरीकार ना. सं. इनामदार किंवा विनोदी लेखक द. मा. मिरासदार यांचे पूर्वज कोणी अरबस्तानात शोधत नाही. मग हाच न्याय मुजावरांना का नको? नदाफ म्हणजे कापूस पिंजणारा, अत्तार म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा. हीही अरबी नावेच, पण ती सांगतात तो धंदा, वंश नव्हे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी लोकांनी आडनावे बदलली नाहीत. ती तोवर त्यांची स्वतःची झाली होती.

मुजावर या शब्दाचा नेमका अर्थ व्यवहारातही महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात देवस्थान इनाम वर्ग 3 मध्ये मोडतात. अशी जमीन दर्ग्याची. मुजावराकडे असते ती सेवा आणि त्यापोटीची वहिवाट. ती वाडवडिलांची खासगी मिळकत समजून वाटून घेता येत नाही की परस्पर विकता येत नाही. जवळ राहणारा तो मुजावर, मालक नव्हे, हे शब्दातच सांगितले आहे.

आज या आडनावाची माणसे शिक्षक आहेत, वकील आहेत, एसटीत आहेत, शेतीत आहेत. अनेकांचा दर्ग्याच्या सेवेशी रोजचा संबंध उरलेला नाही. शेजाराची खूण मात्र टिकून आहे. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या उरसात चर्मकार समाजाचा गलेफ मानाचा असतो. कोल्हापुरात बाबूजमाल दर्ग्यात सर्व धर्मांचे लोक जातात. तेव्हा पुढच्या वेळी कोणी मुजावर भेटले, तर ‘तुम्ही मूळचे कुठले?’ याऐवजी ‘कुठल्या दर्ग्याचे?’ असे विचारून पाहा. बहुधा जवळच्याच एखाद्या गावाचे नाव ऐकायला मिळेल.