उड्डाणाआधीचा खर्च

अवकाशयान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आगीचा लोळ आणि वर झेपावणारे रॉकेट येते. वर्तमानपत्रातले छायाचित्रही नेमके त्याच क्षणाचे असते. त्यामुळे सारा पैसा त्या एका क्षणासाठीच खर्च होतो, अशी आपली समजूत होऊन बसते. मी कला शाखेचा; अर्थशास्त्र हा माझा विषय. ‘एरिअल’ या युरोपीय अवकाश-दुर्बिणीविषयी वाचू लागलो तेव्हा तिच्या आरशापेक्षा तिच्या जमाखर्चानेच मला अधिक गुंतवले.

तिचे काम आधी सांगतो. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ साली सापडला. आज असे ग्रह हजारोंनी मोजले जातात. त्यांपैकी बहुतेक दुर्बिणीतून वेगळे दिसत नाहीत. पण एखादा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून आपल्याकडे येतो. तेथे पाण्याची वाफ असो की मिथेन, प्रत्येक रेणू ठरावीक रंगच शोषून घेतो. वर्णपटात कोणते रंग उणे आहेत ते पाहिले की रेणू ओळखता येतो. मात्र हा फरक मोठ्या, तप्त ग्रहांच्या बाबतीतही दहा हजारांत एक भाग एवढाच असतो! पृथ्वीपासून १५ लक्ष किलोमीटरवर राहून एरिअल असे सुमारे १००० ग्रह तपासणार आहे.

आता पैसा. युरोपीय अवकाश संस्थेच्या विज्ञान-निधीत प्रत्येक सभासद राष्ट्र आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी भरते, आणि ती सक्तीची असते. या निधीतून यान, प्रक्षेपण आणि संचालन यांचा खर्च निघतो. एरिअलच्या गटातील मोहिमांसाठी संस्थेने स्वतःच्या खर्चाची मर्यादा सुमारे ४५ कोटी युरो ठेवली होती. दुर्बिणीच्या उपकरणांचा भार मात्र मुख्यतः निरनिराळ्या राष्ट्रांनी आपापल्या तिजोरीतून उचलायचा. ब्रिटनने २०२३ च्या आरंभी त्यासाठी ३ कोटी पौंड जाहीर केले. थोडक्यात, घर एक आणि स्वयंपाकाचा खर्च दहा जणांचा.

पण यान मंजूर होण्याआधीच्या कामाचे काय? याच विषयावरची ‘एको’ नावाची मोहीम २०११ साली निवडीच्या यादीत आली होती. तीन वर्षे आराखडे झाले, चाचण्या झाल्या, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये निवड झाली ती ‘प्लेटो’ या मोहिमेची. (तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी दचकू नये, तेही ग्रह शोधणारे यानच आहे.) आमच्या पुस्तकात अशा खर्चाला बुडीत खर्च म्हणतात. येथे तो शब्द मला पटत नाही. लंडनच्या जोव्हान्ना टिनेट्टी यांच्या नेतृत्वाखाली त्याच कामाच्या पायावर एरिअलचा प्रस्ताव उभा राहिला. मार्च २०१८ मध्ये दोन प्रतिस्पर्धी मोहिमांना मागे टाकून तो निवडला गेला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला अंतिम मंजुरी मिळाली.

याहून बोलके उदाहरण मिथेनचे आहे. रेणू ओळखायचा तर त्याच्या वर्णरेषांची यादी हाताशी हवी. पृथ्वीवरच्या तापमानासाठी अशा याद्या होत्या. पण हजार-दीड हजार अंशांच्या ग्रहावर मिथेनच्या रेषा बेसुमार वाढतात, आणि जुनी यादी वापरली तर मिथेनचे प्रमाणच चुकते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील जोनाथन टेनिसन व सर्गेई युर्चेन्को यांच्या गटाने २०१४ साली महासंगणकांवर गणित करून तप्त मिथेनच्या सुमारे ९८० कोटी रेषांची यादी सिद्ध केली. या यादीकार्याला युरोपीय संशोधन परिषदेचे अनुदान होते. यात रॉकेट नाही, छायाचित्र काढण्याजोगे काही नाही. तरी ही यादी नसती तर एरिअलने पाठवलेला तप्त ग्रहांचा वर्णपट वाचायचा कशाच्या आधारे?

अडचण कालावधीची आहे. परिषदेची मोठी वैयक्तिक अनुदाने साधारण पाच वर्षांची असतात. एरिअलचा प्रस्ताव २०१५ चा, आणि दुर्बीण अद्याप जमिनीवरच आहे. त्या वर्षी पीएच.डी.साठी नाव नोंदवलेला विद्यार्थी प्रबंध देऊन केव्हाच बाहेर पडला असेल. पुढले अनुदान वेळेवर आले नाही तर तो दुसऱ्या नोकरीला लागतो, आणि कोणत्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे त्याला ठाऊक असलेले कागदावर कधीच उतरलेले नसते. आरसा कपाटात ठेवता येतो, माणूस ठेवता येत नाही. अंदाजपत्रकात हा खर्च ‘पूर्वतयारी’ या मवाळ नावाने येतो, म्हणून काटछाटीची पहिली कात्री त्यावर चालवावीशी वाटणे स्वाभाविक आहे. मला ते चूक वाटते.

स्वस्तातली तयारीही चालते, हे सांगायला हवे. २०२४ साली एरिअलच्या संशोधकांनी संगणकावर एक खुली स्पर्धा ठेवली. उपकरणाच्या खरखरीतून ग्रहाचा वर्णपट वेगळा काढायचा. बक्षिसांची एकूण रक्कम ५० हजार डॉलर. जगातला कोणीही भाग घेऊ शकत होता. स्पर्धकांना दिलेली निरीक्षणे अर्थातच कृत्रिम होती.