पंखाला जमिनीचा वेग कळत नाही

मी उड्डाण शिकवते. नवे विद्यार्थी जीपीएसकडे बोट दाखवून हमखास विचारतात, "मॅडम, इथे 90 दिसतंय, काट्यावर 70. खरं काय मानायचं?" दोन्ही खरं. काटा एअरस्पीड दाखवतो, जीपीएस ग्राउंडस्पीड.

नदीतल्या होडीचं वल्हं पाणी कापतं. काठावरून मोजलेल्या वेगात मात्र प्रवाहही धरलेला असतो. विमानाचं तसंच आहे. सेस्ना 172 हवेतून 70 नॉटने, म्हणजे ताशी सुमारे 130 किलोमीटरने चाललंय. 20 नॉटचा वारा पाठीमागून असेल तर ग्राउंडस्पीड 90, समोरून असेल तर 50. पंखावरून हवा दोन्ही वेळी 70 नॉटनेच जाते, आणि विमान तोलून धरते ती हवाच. काट्याला जोडलेली पिटॉट नळी तिचाच दाब मोजते.

माझी सगळ्यात जास्त नजर असते ती उतरण्याआधीच्या वळणांवर. वारा पाठीशी असला की जमीन भरभर मागे पळते. वेग फार झाला असं वाटून शिकाऊ वैमानिक पॉवर कमी करतो, नाक वर घेतो. त्यात वळण तीव्र असेल तर धोका वाढतो: 45 अंश कललेलं विमान उंची राखून वळताना स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो वेग, सुमारे 19 टक्क्यांनी वर जातो. पाचशे फुटांवर स्टॉल झाला तर सावरायला उंचीच उरत नाही. म्हणून वळणात मी एकच सांगते: खिडकीतून दिसणाऱ्या जमिनीवरून वेग ठरवू नका, काटा बघा.

ग्राउंडस्पीडचं महत्त्व वेगळ्या जागी आहे. 65 नॉटने उतरताना समोरून 10 नॉटचा वारा असेल तर चाकं जमिनीला 55 ला टेकतात. तोच वारा पाठीमागून असेल तर 75 ला. ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते आणि धावपट्टी अपुरी पडू शकते.

वाटेतही ग्राउंडस्पीडचा हिशेब चुकला तर जिवावर बेतू शकतं. 2 ऑगस्ट 1947 रोजी 'स्टार डस्ट' हे प्रवासी विमान ब्युनोस आयर्सहून सँटियागोला जाताना टुपुंगाटो पर्वतावर आदळलं. 11 जण गेले. उंचावरच्या जोरदार समोरच्या वाऱ्याने त्याचा ग्राउंडस्पीड घटला असावा आणि अँडीज ओलांडली असं समजून ते खाली आलं असावं, असं तज्ज्ञ मानतात. हवेतून ते वेगानेच चाललं होतं. नकाशावर मात्र मागे राहिलं होतं.

विमान हवेत टिकवायचं तर एअरस्पीड पाहा. वेळ, इंधन आणि धावपट्टी यांचा हिशेब ग्राउंडस्पीडवर करा. एकाचं काम दुसऱ्याला सांगू नका. एकट्याने उडायची परवानगी देण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याकडून मी हे समजावून घेते, कारण वर गेल्यावर त्याच्या शेजारच्या सीटवर मी नसणार.