मनी अंग इतकी का चाटत होती?

आमच्या घरी एक मांजर आहे. तिचे नाव मनी. ती पांढरी आहे व पाठीवर काळे ठिपके आहेत. तांदळाच्या कोठीजवळ उंदीर फार झाले होते, म्हणून आजीने तिला ठेवले.

पावसाळ्यात मनी सारखी अंग चाटू लागली. मला वाटले, आमची मनी फार स्वच्छ आहे. मी वर्गात सर्वांना तसे सांगितलेही. पण तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पाहिले तर शेपटीच्या वरचे केस गेले होते. गुलाबी कातडी दिसत होती.

आजी म्हणाली, "काहून वं, हिले तर खरूज झाली दिसते. पोरांले लागन. नदीपार सोडून द्या लागते."

बाबा म्हणाले, "गाईले लावतो ते गोचिडाचं औषध आहे ना! तेच लावून देतो."

मला रडू आले. मी म्हटले, "आधी डॉक्टरांना दाखवा, मग काय करायचं ते करा." बाबा हो म्हणाले. थैलीत घालून आम्ही मनीला ढोरांच्या दवाखान्यात नेले. तेथे मला जे कळले ते लिहिते.

मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. आपली नखे ज्या पदार्थाची असतात त्याचेच ते असतात. म्हणून मांजराने हात चाटला की खरखर लागते. रोज अंग चाटणे हा मांजराचा स्वभाव आहे. पण एकच जागा सारखी चाटली की काट्यांनी केस तुटतात. डॉक्टरांनी मनीच्या पाठीवरून बोट फिरवले. तेथे तुटक्या केसांची टोके लागत होती. म्हणजे मनीचे केस गळत नव्हते. तीच ते तोडत होती!

का तोडत होती? डॉक्टरांनी बारीक फणी फिरवली. काळे दाणे निघाले. ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवले तर भोवती लाल डाग पडला. ती पिसवांची घाण होती. पिसवा रक्त पितात, म्हणून डाग लाल. काही मांजरांना पिसवांची लाळ सोसत नाही. थोड्याच पिसवा चावल्या तरी फार खाज सुटते.

बाबांनी गोचिडाच्या औषधाचे विचारले. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं लावलं नाही. गाय आणि मांजर सारखी नाहीत. असली काही औषधं मांजराच्या शरीराला पचत नाहीत. अंग कापतं, झटके येतात, मरतंही. आणि मांजराच्या अंगाला लावलं ते चाटून पोटात जातंच." बाबा गप्प झाले. मी मनीला घट्ट धरले.

डॉक्टरांनी मनीचे वजन केले व मांजराचे वेगळे थेंब लिहून दिले. ते मानेच्या मागे लावायचे, कारण तेथे तिची जीभ पोचत नाही.

पिसवांची अंडी मांजराच्या अंगावरून खाली पडतात. म्हणून तिचे पोते गरम पाण्यात धुतले, गोधड्या उन्हात टाकल्या, कोपरे झाडले. हे पुष्कळ दिवस करावे लागले.

दर वेळी पिसवाच असतात असे नाही. हे लक्षात ठेवा :

१. गोल चट्टे पडले तर गजकर्ण असू शकते. ते माणसालाही होते. मांजराला हात लावल्यावर हात साबणाने धुवा.
२. खरूज असली किंवा एखादे खाणे सोसले नाही तरी खाज सुटते.
३. पोट दुखले, लघवीला त्रास झाला तर मांजर पोट चाटते.
४. घर बदलले, घरात कुत्रा आला, तर भीतीनेही चाटते. त्याला मारू नका.
५. राकेल, फिनाईल, गाई-कुत्र्यांचे औषध मांजराला लावू नका.

दुखणे जास्त असेल तर नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९५८ साली सुरू झाले. तेथे जनावरांना तपासतात.

दिवाळीपर्यंत मनीचे केस परत आले. आता आजीच म्हणते, "मनीचं पोतं उन्हात टाकलं का वं?"

मित्रांनो, मनीला खाज होती आणि मी तिला स्वच्छ म्हणत होते. मुक्या जनावराला सांगता येत नाही. आपणच नीट पाहिले पाहिजे.

— इयत्ता चौथी, कन्हान