घाटावरून मुंबई बघायला

आमच्या खंडाळा तालुक्यात मुंबईशी नातं नसलेलं घर शोधावं लागतं. हे खंडाळा बोरघाटातलं थंड हवेचं नव्हे. नीरा नदी ओलांडून साताऱ्याच्या हद्दीत आलं की लागणारं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं, सावित्रीबाई फुल्यांच्या नायगावचं खंडाळा. इथं कुणाचे आजोबा परळच्या गिरणीत साच्यावर होते, कुणाचे चुलते मस्जिद बंदरला माथाडी. देवळाच्या सभामंडपावर मुंबईकर मंडळाच्या देणगीची पाटी असते. जत्रेला ही माणसं ‘मुंबईकर’ म्हणून गावात मिरवतात आणि तिकडं मात्र ‘घाटी’ म्हणून ओळखली जातात. इतकं जुनं येणंजाणं असूनही मुंबई निवांत बघितलेली माणसं आमच्याकडं थोडी. समुद्र बघितला तो गणपती विसर्जनाला, इमारती बघितल्या त्या डोक्यावर ओझं असताना, आणि रात्र बघितली ती तिसऱ्या पाळीची.

लख्ख ऊन, समुद्रकिनारा, देखण्या इमारती आणि रात्रभर जागं राहणारं शहर, यासाठी जगातले लोक अमेरिकेतल्या मायामीला जातात. आपल्याला ते सगळं सकाळची एसटी धरली तर संध्याकाळच्या आत गाठता येतं. मुंबईला कामाला गेलेल्यांच्या नातवंडांनी आता ती पाहुण्यासारखी बघावी, आणि बघताना आपल्या मुलखाचा हात तिला कुठं कुठं लागला आहे तेही ओळखावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात मरीन ड्राइव्हपासून करावी. कठड्यावर बसून पाठीमागं पाहिलं की इमारतींची जी सलग रांग दिसते, ती उभी आहे भरावाच्या जमिनीवर. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॅकबेच्या भरावाची मोठी योजना हाती घेतली गेली. आठ टप्प्यांत समुद्र हटवायचा बेत होता. तळाचा गाळ उपसून भिंतीआड ओतायचा आणि तो घट्ट बसला की जमीन तयार, असा हिशेब. पण भिंतीतून गाळ पुन्हा समुद्रात निसटू लागला आणि खर्च हाताबाहेर गेला. खुर्शेद नरिमन या तरुण वकिलानं त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. हार्वे नावाच्या इंजिनिअरनं त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून नरिमन निर्दोष सुटले. योजनेचे चारच टप्पे पुरे झाले. पुढं स्वातंत्र्यानंतर भराव टाकून जी नवी जमीन झाली, तिला नरिमन पॉइंट म्हणून याच माणसाचं नाव मिळालं.

भरावाच्या या कोऱ्या जमिनीवर 1930 नंतर घरं उठू लागली, तेव्हा सिमेंट-काँक्रीट हाताशी आलं होतं. दगडी भिंतींचा भार गेला आणि वास्तुरचनाकारांचे हात मोकळे झाले. कोपऱ्यावर गोल वळणाऱ्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे पुढं आलेले छज्जे, बोटीच्या झरोक्यांसारख्या गोल खिडक्या, दर्शनी भिंतीवर उठावाच्या अक्षरांत कोरलेलं इमारतीचं नाव. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. छज्जे नुसते शोभेचे नाहीत, ते दुपारचं ऊन आणि आषाढातली झड अडवतात. या शैलीच्या इमारतींत मायामीच्या खालोखाल मुंबईचंच नाव घेतलं जातं. मायामीला 1926 च्या वादळानं झोडपून काढलं, नंतरच्या उभारणीत ही शैली तिथं रुजली. मुंबईत ती भरावावर रुजली. दोन्हीकडं समुद्राचाच त्यात वाटा.

मुंबईच्या या घडणीत मराठी माणूस ठळकपणे आहे, हे आपल्याकडं फारसं सांगितलं जात नाही. जी. बी. म्हात्रे हे त्या काळातले आघाडीचे वास्तुरचनाकार. वीर नरिमन रस्ता जिथं मरीन ड्राइव्हला मिळतो, त्या कोपऱ्यावरची 1937 ची ‘सूना महल’ त्यांची. चर्चगेटसमोरचं इरॉस चित्रपटगृह 1938 चं, सोहराबजी भेदवारांचं. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि 1878 चा राजाबाई टॉवर, म्हणजे दगडातली गॉथिक मुंबई. पश्चिमेला तिच्यानंतर साठेक वर्षांनी आलेली काँक्रीटची मुंबई. मधल्या गवतावर पोरं क्रिकेट खेळत असतात. या दोन्ही बाजूंसह 94 इमारतींच्या समूहाला युनेस्कोनं 30 जून 2018 रोजी जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. बघायला जाणाऱ्यानं एक ध्यानात ठेवावं. ओव्हलच्या पश्चिमेकडच्या इमारतींचं तोंड पूर्वेला, म्हणून त्या सकाळी बघाव्यात. मरीन ड्राइव्हच्या दर्शनी भिंतींवर ऊन पडतं ते दुपारनंतर.

पण सबंध फोर्टमध्ये एकच इमारत बघायची असेल, तर मी महात्मा गांधी रस्त्यावरच्या न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या इमारतीपाशी नेईन. 1930 च्या दशकातलं हे काम ‘मास्टर, साठे अँड भुता’ या वास्तुरचनाकारांचं आणि भिंतीवरची शिल्पं ना. ग. पानसरे यांची. पलीकडच्या पदपथावर उभं राहून मान वर केली, की उंचच उंच आकृत्या दिसतात. विमा कंपनीची कचेरी असून भिंतीवर शेटजी नाही की साहेब नाही. शेतकरी आहे, कुंभार आहे, सूत कातणाऱ्या बाया आहेत. पाय जमिनीवर घट्ट रोवलेले, खांदे रुंद, कामात गुंतलेली माणसं. पहिल्यांदा ती बघितली तेव्हा मी बराच वेळ तिथून हललो नाही. देशाच्या पैशाच्या बाजारात, भर रस्त्यावर, आमच्या शिवारातली माणसं चार मजल्यांएवढी मोठी करून कुणीतरी मांडली होती, आणि त्यांच्या पायाशी हातगाडी लावून एक हमाल घाम पुसत होता. वर कुणाची शिल्पं आहेत हे त्याला कुणी सांगितलं असेल का, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

चौपाटीवर भेळ खायची, पाण्यात पाय बुडवायचे, यापलीकडं सांगण्यासारखं थोडं. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. 1 ऑगस्ट 1920 रोजी याच गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांना अग्नी दिला गेला, आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले.

वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातलं, आता सांगलीतलं. अण्णाभाऊ लहानपणी घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला आले. पुढं त्यांनी मुंबईवर जी लावणी रचली, तिच्यात मलबार हिलचं वैभव आणि परळची कष्टकरी वस्ती समोरासमोर उभी केली. त्यांच्या आधी पठ्ठे बापूराव होते. त्याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे हे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. कुलकर्ण्यांचं घर आणि जात मागं ठेवून ते तमाशात आले, पवळा या तमाशा-कलावंतिणीबरोबर त्यांनी मुंबई गाजवली. मुंबईची रात्र म्हटलं की ताजमधला जाझ, गोव्याचे वादक, चर्चगेटची हॉटेलं यांची वर्णनं येतात. ती खरीच आहेत. ‘सूना महल’च्या तळमजल्यावरही एकेकाळी संध्याकाळी वाद्यं वाजत. पण त्याच रात्री लालबागच्या हनुमान थिएटरात ढोलकी कडाडत होती, भारतमाता चित्रपटगृहात मराठी खेळ लागत होता, चाळींतल्या गाळ्यागाळ्यांत भजनी मंडळं बसत होती. एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीनं झोपत. पहिल्या पाळीचा माणूस उठला की तिसऱ्या पाळीहून आलेला त्याच जागेवर अंग टाकी. खानावळवाल्या बाईंची चूल पहाटेच पेटे. हीदेखील मुंबईची रात्रच होती, आणि ती आमच्या माणसांनी जागवली.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप कधी रीतसर मागं घेतलाच गेला नाही, आणि हळूहळू भोंगे थांबले. किती तरी घरं ट्रंका घेऊन घाट चढून परत आली. आमच्या गावांतल्या साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, तो ते दिवस सांगेल. गिरण्यांच्या जागी मॉल आले, कचेऱ्या आल्या, आणि आजची रात्रीची मुंबई बऱ्याच अंशी तिथंच भरते. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातल्या उपाहारगृहांना 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर आग लागली, 14 माणसं गेली. जानेवारी 2020 मध्ये बिगरनिवासी भागांतली दुकानं, मॉल आणि खाण्याची ठिकाणं चोवीस तास उघडी ठेवायला सरकारनं मुभा दिली. तरुणांनी तिथं जावं, गाणी ऐकावीत, मित्रांबरोबर मजा करावी. त्यात वावगं काही नाही. पण तिथली चिमणी दिसली तर त्या गिरणीचं नाव विचारावं. घरी आल्यावर ते नाव म्हाताऱ्यांपुढं घेतलं, तर आपल्यातलं कोण कुठल्या खात्यात होतं ते बहुधा लगेच कळेल.

आमच्या शाळांच्या सहली मुंबईला जातात तेव्हा गेटवे आणि राणीची बाग करून परततात. त्यात तीन ठिकाणं सहज बसतील : सकाळी ओव्हल मैदान, तिथून चालत न्यू इंडियाची भिंत, आणि दुपारी लालबाग-परळ. लालबागला बरोबर एखादा निवृत्त गिरणी कामगार असावा. तो आमच्या प्रत्येक गावात आहे, त्याला सहलीच्या गाडीत पुढची जागा द्यावी आणि बोलू द्यावं. संध्याकाळी पोरांना मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसवून शेंगदाणे द्यावेत.