सही खातेदाराची

स्तनाचा कर्करोग म्हटला की ‘मुळापासून काढून टाका’ हा सल्ला घरात फार लवकर दिला जातो, आणि तो बहुधा पुरुष देतात. समज जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले सर्जन हाल्स्टेड स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढीत. जितके अधिक कापावे तितका जीव सुरक्षित, हे पुढे कित्येक दशके गृहीतच धरले गेले.

मिलानचे डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी ते तपासायचे ठरवले. १९७३ ते १९८० या काळात लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाचा पूर्ण स्तन काढला. दुसऱ्यात गाठीसह चतुर्थांश भाग काढून किरणोपचार दिले. २००२ साली वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्याच जागी गाठ उलटण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात अधिक होते, पण जगण्यावाचण्यात फरक नव्हता.

माझ्या धाकट्या बहिणीची गाठ लहान होती. डॉक्टरांनी दोन्ही मार्ग मोकळे ठेवले. मेहुणे, दीर, भाचा यांची चर्चा रंगली तेव्हा ती मला म्हणाली, “दादा, खातेदार समोर बसलेला असताना तुमच्या बँकेत दुसऱ्याची सही चालायची का रे?”

मग तिने डॉक्टरांना तासभर प्रश्न विचारले. शेवटी पूर्ण शस्त्रक्रियाच निवडली. किरणोपचारांसाठी काही आठवडे पुण्यात राहणे तिला नको होते आणि दर तपासणीला त्याच जागेची धास्तीही नको होती. मेहुण्यांना वाटले, आपलेच ऐकले.